ओळ मोडायची की सरकवायची?

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनला काय भाव निघाला, हे मोबाईलवर पाहणे आता रोजचेच झाले आहे. पान उघडते. डावीकडे बाजार समितीचे नाव दिसते, मग जात, परिमाण, आवक. ज्यासाठी पान उघडले तो सर्वसाधारण दर मात्र स्क्रीनच्या उजव्या कडेपलीकडे असतो. बोटाने पान ओढले की दर दिसतो, पण तोवर समितीचे नाव डावीकडून नाहीसे झालेले असते. हा दर खामगावचा की मलकापूरचा, हे बघायला पुन्हा उलटे ओढायचे.

हाच तक्ता कुणीतरी मेहनतीने टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. पाठवणाऱ्याच्या फोनवर रकाने एकाखाली एक नीट दिसत असतात, पण घेणाऱ्याच्या फोनवर ते विस्कटलेले पोहोचतात. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याची अडचण याच जातीची आहे. मोबाईलवर संगणकाचा कोड वाचायला घेतला की एकतर ओळ अर्ध्यात कापली जाते, नाहीतर सगळे पान डावी-उजवीकडे डगमगू लागते.

बातमी, कथा किंवा लेख त्याच फोनवर विनातक्रार वाचता येतो. कितीही अरुंद स्क्रीन असो, शब्द आपोआप खालच्या ओळीत जातात. मग भावाचा तक्ता आणि कोड यांनीच अडून का बसावे? दोन्ही अक्षरेच आहेत. याचे उत्तर समजले की सोपे आहे, आणि मराठीत मजकूर लिहिणाऱ्या, पाठवणाऱ्या, पाने बनवणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचे आहे.

वाहता मजकूर आणि बांधलेला मजकूर

लिहिलेल्या मजकुराचे दोन प्रकार मानता येतात. पहिला वाहता. परिच्छेदात एखादा शब्द ओळीच्या शेवटी आला काय किंवा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आला काय, अर्थात फरक पडत नाही. त्यामुळे ओळ कुठे मोडायची हे ब्राउझर, म्हणजे पाने दाखवणारे आपल्या फोनमधले सॉफ्टवेअर, स्वतः ठरवतो. स्क्रीन रुंद असेल तर ओळीत पंधरा शब्द, अरुंद असेल तर पाच.

दुसरा प्रकार बांधलेला. इथे एखादी गोष्ट कुठे लिहिली आहे, यालाच अर्थ असतो. तक्त्यातली ‘४२००’ ही संख्या पाचव्या रकान्यात असेल तर कमीत कमी दर, सहाव्यात असेल तर जास्तीत जास्त दर. संख्या तीच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

कोडमध्ये हे आणखी कडक आहे. १९९१ मध्ये आलेल्या आणि आज महाविद्यालयांत सर्रास शिकवल्या जाणाऱ्या पायथन या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग आहे. तिचा नमुना मराठीत मांडायचा तर असा दिसेल:

    प्रत्येक दिवसासाठी:
        जर आवक > ०:
            बेरीज = बेरीज + आवक
            नोंदी = नोंदी + १

शेवटची ओळ ‘जर’च्या आत आहे, हे फक्त तिच्याआधीच्या मोकळ्या जागेमुळे कळते. ती ओळ एक पायरी डावीकडे सरकली तर आवक नसलेले दिवसही नोंदींत मोजले जातील आणि सरासरी आवक खऱ्यापेक्षा कमी निघेल. संगणक तक्रार करणार नाही, चुकीचे उत्तर देऊन मोकळा होईल. सगळ्याच मोकळ्या जागा गेल्या तर मात्र प्रोग्राम चालणारच नाही.

म्हणजे बांधलेल्या मजकुरात मोकळी जागाही मजकूरच असते. इथे ती रिकामी म्हणून सोडून देता येत नाही.

ब्राउझर मोकळ्या जागा का गिळतो?

वेबची पाने एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिली जातात. तिचा मूळ नियम असा, की एकापाठोपाठ आलेल्या कितीही मोकळ्या जागा दाखवताना एकच समजायच्या, आणि मूळ लिखाणातली नवी ओळसुद्धा एक मोकळी जागाच मानायची. वाहत्या मजकुरासाठी हा नियम उत्तम आहे. लिहिणाऱ्याने कुठेही एन्टर दाबला तरी वाचणाऱ्याला परिच्छेद सलग मिळतो.

बांधलेल्या मजकुराची मात्र त्याने वाताहत होते. शेतमालाचे नाव, मग दहा मोकळ्या जागा, मग आवक, मग आठ मोकळ्या जागा, मग दर, अशी मांडणी केली असेल तर दहाच्या आणि आठच्या जागी एकेकच उरते आणि सगळे आकडे एकमेकांना चिकटतात.

म्हणून एचटीएमएलमध्ये अगदी सुरुवातीच्या काळापासून एक वेगळी खूण आहे, ‘प्री’. १९९५ च्या एचटीएमएल २.० या मानकातही ती आहे. ‘हा मजकूर आधीच मांडलेला आहे, त्याला हात लावू नकोस’ असे ती ब्राउझरला सांगते. या खुणेच्या आत प्रत्येक मोकळी जागा आणि प्रत्येक नवी ओळ जशीच्या तशी दिसते. शिवाय ब्राउझर तिथे समरुंदीचा टंक (फॉन्ट) वापरतो, म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेते असा. त्यामुळे दहावे अक्षर प्रत्येक ओळीत बरोबर एकाखाली एक येते.

पण हात लावू नकोस म्हटल्यावर ब्राउझर ओळ मोडतही नाही. मूळ लेखकाने ओळ जितकी लांब लिहिली, तितकीच ती राहते. अरुंद स्क्रीनवरचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

ऐंशी अक्षरांची सवय

कोडची ओळ साधारण किती लांब असावी, याचा एक जुना संकेत आहे. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० रकान्यांचे छिद्रपत्र आणले. जाड कागदाच्या या पत्रावर छिद्रे पाडून माहिती यंत्राला दिली जाई आणि एका पत्रावर ८० अक्षरे मावत. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेत एक पत्र म्हणजे एक ओळ असा हिशेब होता.

पुढे पत्रे गेली आणि काचेचे पडदे आले, तरी ८० हा आकडा टिकला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ मधल्या प्रसिद्ध व्हीटी-१०० या टर्मिनलवर एका ओळीत ८० अक्षरे मावत. आजही पायथनच्या अधिकृत लेखनसंकेतात ओळ ७९ अक्षरांपर्यंत ठेवावी असे सांगितले आहे. जी यंत्रे आता संग्रहालयांत आहेत, त्यांच्या रुंदीचे वळण आजच्या कोडला असे लागले आहे.

बेचाळीस आणि ऐंशी

आता फोनकडे वळू. फोनच्या स्क्रीनवर आडवे १०८० ठिपके असतील, तर ब्राउझर साधारणपणे तीन ठिपक्यांचा एक हिशेबी ठिपका धरतो आणि स्क्रीनची रुंदी ३६० मानतो. या हिशेबी ठिपक्याला सीएसएस पिक्सेल म्हणतात. सीएसएस म्हणजे पानाचा दिसण्याचा भाग, म्हणजे रंग, रुंदी, अंतरे, ठरवणारी सूचनांची भाषा.

समरुंदीच्या नेहमीच्या टंकात एक अक्षर टंकाच्या आकाराच्या सुमारे ०.६ पट रुंद असते. ब्राउझर असा मजकूर बहुधा १३ पिक्सेल आकारात दाखवतो, म्हणजे एका अक्षराला ७.८ पिक्सेल लागतात. दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल मोकळे सोडले तर ३६० मधून ३२८ उरतात. ३२८ ला ७.८ ने भागले की येतात ४२.

फोनच्या एका ओळीत ४२ अक्षरे मावतात आणि कोडची ओळ ८० अक्षरांची असते. तिला ६२४ पिक्सेल हवेत, म्हणजे आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट जागा. भावाच्या तक्त्याचेही असेच आहे. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे सात रकाने ३६० पिक्सेलमध्ये बसवायचे तर एकेकाला जेमतेम ५१ पिक्सेल मिळतात. ‘सर्वसाधारण दर’ हे शीर्षकसुद्धा त्यात एका ओळीत मावत नाही.

लांब गाडी, आखूड प्लॅटफॉर्म

मुंबई–हावडा रेल्वेमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. पन्नासहून अधिक डब्यांची मालगाडी एखाद्या आखूड प्लॅटफॉर्मवर आली, असे समजा. गाडी म्हणजे आपली लांब ओळ, प्लॅटफॉर्म म्हणजे फोनची स्क्रीन आणि डब्यांचा क्रम म्हणजे मजकुराचा अर्थ. अशा वेळी पाच गोष्टी करता येतात.

*पहिली: गाडी बाहेर राहू द्यायची.* पुढचे डबे प्लॅटफॉर्म ओलांडून फाटकात उभे राहतात आणि रस्ता अडवतात. ब्राउझरला काहीच सांगितले नाही तर तो हेच करतो. ओळ आपली चौकट सोडून शेजारच्या मजकुरावर जाते, नाहीतर पानाच्या बाहेर निघते.

*दुसरी: बाहेरचे डबे दिसेनासे करायचे.* सीएसएसमध्ये तशी सूचना देता येते. पान नीटनेटके दिसते, पण दर किंवा कोडचा उरलेला भाग वाचकाला कधीच दिसत नाही. तो तिथे होता, याचाही पत्ता लागत नाही. पाचांतला हा सर्वांत वाईट मार्ग.

*तिसरी: सगळी गाडी लहान करायची.* क्रम शाबूत राहतो, पण डब्यावरचा क्रमांक वाचता येत नाही. ६२४ पिक्सेलची ओळ ३२८ मध्ये बसवायची तर १३ चा टंक जेमतेम ७ होतो. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तो वाचणे फार कठीण.

*चौथी: गाडी तोडून अर्धी शेजारच्या रुळावर लावायची.* ओळ मोडून उरलेला भाग खाली आणणे ते हेच. सगळे डबे दिसतात, पण दुसऱ्या रुळावरचा पहिला डबा कुणाला जोडलेला होता, हे पाहणाऱ्याला मनाने जुळवावे लागते. एकच गाडी असेल तर जमते, दहा गाड्या अशा तोडून ठेवल्या तर गोंधळ होतो.

*पाचवी: गाडी हळू पुढे सरकू द्यायची.* आपण प्लॅटफॉर्मवर एका जागी उभे, आणि डबे एकामागून एक समोरून जातात. एका वेळी थोडेच दिसतात, पण क्रम मोडत नाही, आकार बदलत नाही, काही हरवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लॅटफॉर्म जागचा हलत नाही.

तक्ता आणि कोड यांच्यासाठी पाचवा मार्ग बहुतेक वेळा योग्य ठरतो. सीएसएसमध्ये त्यासाठी एक छोटी सूचना पुरते, ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’. तिचा अर्थ असा: या चौकटीतला मजकूर आडवा मावत नसेल, तर फक्त या चौकटीपुरते सरकवण्याची सोय कर, मावत असेल तर काही करू नकोस.

मग सगळे पानच का हलते?

एवढा सोपा उपाय असताना इतकी पाने अजून का डगमगतात? पहिले कारण साधे आहे. सूचना दिलेलीच नसते. पान बनवणारा मोठ्या संगणकासमोर बसलेला असतो, त्याच्या पडद्यावर ८० अक्षरे आरामात मावतात, आणि त्रास फक्त फोनवर दिसतो. चौकटीबाहेर गेलेली ओळ पानाची एकूण रुंदी वाढवते. काही फोन मग वाढलेली रुंदी बसवायला सगळे पान आक्रसतात आणि शीर्षकापासून तळटीपेपर्यंत सगळीच अक्षरे बारीक होतात. एका लांब ओळीपायी वाहता मजकूरही भरडला जातो.

दुसरे कारण थोडे लपलेले आहे. पानाचे भाग शेजारी-शेजारी मांडण्यासाठी ‘फ्लेक्स’ आणि ‘ग्रिड’ या पद्धती आता सर्वत्र वापरतात. त्यांचा एक अंगभूत नियम असा, की बाहेरची चौकट तिच्या आतल्या न मोडणाऱ्या मजकुराहून अरुंद व्हायला तयार नसते. आत ६२४ पिक्सेलची ओळ असेल तर बाहेरची चौकटच ६२४ पर्यंत फुगते. आतल्या भागाला सरकण्याची सूचना दिलेली असली तरी ती निरुपयोगी ठरते, कारण मजकूर आता ‘मावतो’ आहे. रेल्वेच्या दृष्टांतात सांगायचे तर गाडीबरोबर प्लॅटफॉर्मही ताणला गेला आहे. उपाय एका ओळीचा आहे: बाहेरच्या चौकटीला ‘मिन-विड्थ: शून्य’ सांगायचे, म्हणजे ‘तू कितीही अरुंद हो, आतल्याची काळजी करू नकोस’. अनेक अनुभवी मंडळीही या ठिकाणी तासन्‌तास अडतात.

तिसरे कारण पानाच्या जन्मकाळाशी जोडलेले आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी वेब पाने मोठ्या पडद्यासाठी बनवलेली होती. म्हणून त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून ते मांडत असे आणि मग लहान करून दाखवत असे. ‘फोनची खरी रुंदी धर’ असे पानानेच स्पष्ट सांगावे लागे, आणि आजही लागते. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी एका लेखात स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली आणि पुढे ती रूढ झाली. पण जुन्या साच्यातली पाने अजूनही वापरात आहेत.

ओळ मोडण्याचे दोन प्रकार

कधी कधी ओळ मोडणेच बरे असते. उदाहरणार्थ, प्रोग्रामने दिलेला एखादा लांबलचक चूकसंदेश. तो वाक्यासारखाच वाचायचा असतो, त्यात रकाने नसतात. पण मोडण्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ओळखणे फार गरजेचे आहे.

पहिल्यात ओळ फक्त दिसायला मोडते. सीएसएसची ‘प्री-रॅप’ ही सूचना मोकळ्या जागा जपते, पण कडेला पोहोचलेली ओळ खाली वळवते. मूळ मजकुरात काही बदलत नाही. तो निवडून दुसरीकडे चिकटवला तर पूर्वीसारखाच सलग निघतो.

दुसऱ्यात कुणीतरी खरोखर एन्टर दाबून ओळ तोडलेली असते. हा बदल कायमचा. पायथनमध्ये एका खुणेनंतर लिहिलेला मजकूर ही माणसासाठीची टीप असते आणि संगणक ती वाचत नाही. पण ही टीप एन्टरने मधेच तोडली, तर खालच्या ओळीत गेलेला अर्धा भाग टीप राहत नाही. संगणक त्याला आज्ञा समजतो आणि अडखळतो. ‘फोनवर बसावे म्हणून’ हाताने ओळी तोडून पाठवलेला कोड म्हणूनच अनेकदा चालत नाही.

दिसण्यापुरते काम ब्राउझरकडे सोपवावे. मूळ मजकुराला त्यासाठी धक्का लावू नये.

देवनागरीचा वेगळा पेच

इथवरचे सगळे इंग्रजी अक्षरांना जसेच्या तसे लागू पडते. मराठीत त्यावर आणखी एक अडचण येते, आणि व्हॉट्सॲपवरचे विस्कटलेले भाव नीट समजायचे तर ती पाहावीच लागते.

संगणक मजकूर साठवतो तो युनिकोड या संकेतप्रणालीत. १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी आहे. या प्रणालीत व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते संगणकाच्या मोजणीत अनेक असू शकते.

‘बुलढाणा’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द आहे. संगणक मोजतो सात: ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना. ‘क्षेत्र’ आपल्याला दोनच अक्षरांचा दिसतो, पण साठवणीत त्याचे सात घटक आहेत: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. ‘तूर’ मात्र तीन घटकांत आटोपतो.

समजा, एखाद्या प्रोग्रामने पहिला रकाना १२ घटकांचा धरला आणि उरलेला भाग मोकळ्या जागांनी भरला. ‘क्षेत्र’नंतर ५ मोकळ्या जागा येतील आणि ‘तूर’नंतर ९. कागदावर हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच रुंद आहेत, कारण उकार खाली बसतो, मात्रा वर बसते आणि जोडाक्षर एकात एक मिसळते. पण पुढचा आकडा एका ओळीत आधी येतो आणि दुसऱ्या ओळीत चार जागा पुढे जातो.

मराठी टाइपरायटरवर हीच गरज वेगळ्या युक्तीने भागवली होती. काही मात्रा आणि उकारांच्या कळा दाबल्या तरी कागदाची गाडी पुढे सरकत नसे, म्हणून खूण अक्षराच्या वर किंवा खाली उमटे आणि रुंदी बिघडत नसे. संगणकावर मात्र देवनागरीसाठी सहसा खरा समरुंदीचा टंक वापरलेला नसतो. इंग्रजी समरुंदीच्या टंकात मराठी लिहिले की ब्राउझर मराठी अक्षरे दुसऱ्याच टंकातून उसनी आणतो, आणि त्यात ‘र’ अरुंद तर ‘क्ष’ रुंद असतो.

म्हणून मराठीत एक नियम कायमचा लक्षात ठेवावा: मोकळ्या जागा मारून रकाने जुळवायचे नाहीत. वेब पानावर खरा तक्ता वापरावा. तक्त्यात प्रत्येक मजकूर कोणत्या रकान्याचा आहे हे स्वतंत्रपणे नोंदलेले असते आणि रुंदी ब्राउझर प्रत्यक्ष उमटलेल्या अक्षरांवरून मोजतो. त्यामुळे घटक सात असोत की तीन, रकाना सरळ राहतो. व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवता येत नसेल तर एका ओळीत एकच गोष्ट लिहावी: ‘सोयाबीन, सर्वसाधारण दर’ आणि पुढे आकडा. असा मजकूर कुठल्याही फोनवर विस्कटत नाही.

सातबारा: मांडणी जपायची तेव्हा

बांधलेल्या मजकुराचे शेतकऱ्याच्या घरातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे सातबारा. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्यात क्षेत्र लिहिण्याची रीत पाहा: हेक्टर, आर, चौरस मीटर. १०० आर म्हणजे एक हेक्टर आणि १०० चौरस मीटर म्हणजे एक आर. ‘०.८१.००’ म्हणजे ८१ आर, सुमारे दोन एकर. हा आकडा टिंबापाशी मोडून अर्धा खालच्या ओळीत गेला, किंवा शेजारच्या खातेदाराच्या नावासमोर दिसला, तर वाचणाऱ्याचा गैरसमज किती महागात पडेल, हे वेगळे सांगायला नको.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ रूपात मिळतो, त्याचा एक फायदा इथे दिसतो. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची पानावरची जागा पक्की असते. फोन असो की छापील कागद, मांडणी तीच राहते. फोनवर तो बोटांनी मोठा करून, फोन आडवा धरून वाचावा लागतो, ही त्याची किंमत. कायदेशीर दस्तऐवजासाठी ती योग्य आहे.

पण तीच माहिती भरायची वेळ येते तेव्हा वेगळा विचार करता येतो, आणि तो महाराष्ट्रात झालाही आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करतो. गाव नमुना बारामध्ये हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन हे सारे एका आडव्या ओळीत पसरलेले असते. ॲपमध्ये तेच प्रश्न एकाखाली एक येतात. रुंद ओळ उभी केली, आणि प्रत्येक उत्तरासोबत त्याचे नाव ठेवले म्हणून अर्थ सुटला नाही. पाच मार्गांखेरीजचा हा सहावा मार्ग, आणि रकाने थोडे असतील तेव्हा सर्वांत वाचनीय. बाजारभावाची पानेही फोनवर अशी दाखवता येतील: वर बाजार समितीचे नाव, खाली आवक आणि तिन्ही दर आपापल्या नावासह.

सरकवणे सोयीचे कसे करावे?

सरकणारी चौकट दिली म्हणजे काम संपले असे नाही. फोनवर सरकपट्टी बहुधा लपलेली असते, त्यामुळे उजवीकडे आणखी काही आहे हे वाचकाला कळतच नाही. कडेला हलकी सावली द्यावी, किंवा शेवटचा रकाना अर्धवट दिसेल अशी रुंदी ठेवावी. अर्धे अक्षर दिसले की बोट आपोआप तिकडे जाते.

तक्त्याचा पहिला रकाना जागेवर खिळवता येतो. सीएसएसची ‘स्टिकी’ सूचना त्यासाठीच आहे. मग दर पाहताना बाजार समितीचे नाव डोळ्यांसमोरून जात नाही आणि सुरुवातीचा तो त्रास संपतो.

ज्यांना स्पर्शाने किंवा माउसने सरकवता येत नाही, अशी माणसे कीबोर्डवर अवलंबून असतात. चौकटीवर टॅब कळीने पोहोचता यावे आणि बाणांच्या कळांनी ती सरकवता यावी, याची सोय हवी. २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुलभतेचे जे निकष सुधारले, त्यांत वाहता मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवा न सरकवता वाचता यावा, असे म्हटले आहे. ज्या मजकुराचा अर्थच उभ्या-आडव्या मांडणीवर अवलंबून आहे, उदाहरणार्थ माहितीचे तक्ते आणि नकाशे, त्यांना त्यातून सूट आहे. वाहता आणि बांधलेला मजकूर वेगळा ओळखायला हवा, ही गोष्ट या निकषातही मान्य केलेली आहे.

शेवटची बाब कागदाची. कागद सरकत नाही. सरकणारी चौकट छापली तर जे दिसत होते तेवढेच उमटते आणि उरलेले गळते. म्हणून छापण्यासाठी ओळ वळवण्याची वेगळी सूचना पानात द्यावी. टिपणे छापून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे फार उपयोगी आहे.

---

थोडक्यात

• परिच्छेद, बातमी, लेख: ओळ खुशाल मोडू द्या.
• कोड: मोडू नका. फक्त त्याची चौकट सरकू द्या, पान नव्हे.
• मोठा तक्ता: चौकट सरकू द्या, पहिला रकाना खिळवा.
• चार-पाच रकान्यांचा तक्ता: फोनवर उभा मांडा, प्रत्येक आकड्यासोबत त्याचे नाव ठेवा.
• मराठी मजकूर: मोकळ्या जागांनी रकाने जुळवू नका.
• मजकूर लपवणे हा उपाय नव्हे.
• पान प्रसिद्ध करण्याआधी ३६० पिक्सेलच्या साध्या फोनवर उघडून पाहा.

---

फोनवर नीट न दिसणारे पान हा वाचकाच्या फोनचा किंवा त्याच्या सवयीचा दोष नाही. तो पान बनवणाऱ्याने दुरुस्त करायचा दोष आहे आणि त्याला बहुतेक वेळा दोन-तीन ओळींच्या सूचना पुरतात. गावातला शेतकरी, महाविद्यालयातला विद्यार्थी, सेवा केंद्रावर दुसऱ्यांना माहिती काढून देणारा तरुण, यांच्यापैकी अनेकांकडे फोन हाच एकमेव संगणक आहे. म्हणून ग्रामपंचायतीचे, बाजार समितीचे, शाळेचे किंवा स्वतःचे पान बनवणाऱ्या प्रत्येकाला विनंती: पुढच्या वेळी तक्ता किंवा कोड टाकाल, तेव्हा ओळ मोडायची की सरकवायची, हे स्वतः ठरवा. ते ब्राउझरच्या मर्जीवर सोडू नका.